सतरा फायली

३ मार्च, मंगळवार
सतरा फायली आणल्या, एकही उघडेना! रुग्णालयाचे वीस वर्षांचे रक्ततपासणीचे अहवाल. जागा वाचावी म्हणून मेनफ्रेमवर, त्या जुन्या अवाढव्य संगणकावर, आवळून ठेवलेले. ते नव्या युनिक्स मशीनवर आणायचे — एवढंच तर काम. नवं मशीन म्हणतं, फाईल खराब. अण्णांना फोन केला. मेनफ्रेमचे ऑपरेटर, बावीस वर्षं त्याच खोलीत. म्हणाले, "माझ्याकडे तर उघडतात, बाई." उघडतात म्हणे! मग माझ्याकडेच काय रुसून बसतात?

४ मार्च
पुन्हा तेच. साहेबांना घेऊनच वर गेले. अण्णांनी आमच्यासमोर एक फाईल उघडून दाखवली, स्वेटरच्या बाह्या सारख्या करत, अगदी शांतपणे. त्या शांतपणाचाच जास्त राग आला. मला विचारलं, "सोमवारी तुम्ही नेल्यात त्या रुग्णांच्या नावांच्या याद्या नीट आल्या ना?" आल्या की! म्हणजे माझी बाजू ठीक आहे, बिघाड यांच्या आवळण्यात. साहेब पुढे गेल्यावर अण्णांनी जिन्यात माझ्या हातात चिठ्ठी दिली. "सावकाश वाचा." मी काय शिकाऊ आहे? पर्समध्ये कोंबली.

५ मार्च
घरी सांगितलं तर हे म्हणतात, "एकदा स्वतःकडचंही तपासून बघ की." घरचं माणूससुद्धा त्यांच्याच बाजूचं! जेवले नाही.

६ मार्च, शुक्रवार
साहेबांना लेखी दिलं. 'निष्काळजीपणा' हा शब्द दोनदा आला, तसाच ठेवला. महिनाअखेरीस मेनफ्रेम कायमचा बंद. अहवाल गेले तर माझं नाव का खराब व्हावं?

९ मार्च
अण्णांना आजपासून घरी बसवलं. निवृत्तीला पाच महिने होते. जाताना माझ्या टेबलाशी थांबले. "चिठ्ठी वाचलीत का?" मी मान वर केली नाही. बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

१० मार्च
कपाटाची किल्ली शोधताना चिठ्ठी हाताला लागली.
"याद्या मजकूर म्हणून आणल्यात, ते बरोबर. तेव्हा यंत्र इकडची अक्षरं तुमच्या मशीनला कळतील अशी बदलून देतं. आवळलेल्या फायलीत मात्र काहीच बदलायचं नसतं. आणण्याआधी 'बायनरी' लावा, म्हणजे फाईल जशीच्या तशी येईल. सोमवारची सेटिंग तशीच राहिली असेल."
तशीच होती. बदलली. सतराच्या सतरा उघडल्या.
खाली आणखी एक ओळ होती. "घाईत माझंही एकदा असं झालं होतं. म्हणून साहेबांसमोर बोललो नाही."