पांडा, ससा आणि अकरा मिलिमीटर

सोमवार, ३ जून. सकाळी ६.१०
ही जाऊन पाच आठवडे झाले. मुलीला किती दिवस नुसता ब्रेड द्यायचा. आजपासून डब्यातलं अंडं मी करणार. ही रोज करायची. उकडलेल्या अंड्यावर ससा, अस्वल, मांजर. जपानी चित्रांत असतात तसे गुबगुबीत चेहरे. अवघड काही नाही. चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं लेन्स बसवतोय. शुक्रवारपर्यंत पांडा.

संध्याकाळी ७
ससा न खाता परत. फक्त गाजराचा एक कान गायब. मुलगी म्हणाली, छान होता. हल्ली ती एवढंच बोलते. कान जड झाला असावा. ससा केरात टाकला.

मंगळवार, ४ जून
अस्वल. डोळ्यांना काळे तीळ, चिमट्याने बसवले. मधलं अंतर दुकानातल्या पट्टीने मोजून अकरा मिलिमीटर. परत आलं. कसं होतं विचारलं, तर म्हणाली, आमच्या हेडसरांसारखं. उद्या तेरा ठेवतो.

गुरुवार, ६ जून
मेव्हणीचा फोन. भाऊजी, आवाज असा खोल गेल्यासारखा का येतोय म्हणे. सांगितलं, नळ चालू आहे. मुलीला वर्षभर माझ्याकडे पाठवा, निदान दोन घास नीट खाईल, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, ती डबा नीट खाते. अंड्याचा विषय काढला नाही. सोळा तारखेला रविवारी स्वतः बघायला येते म्हणाली. तोवर मुलीने एक अख्खं अंडं खाल्लं की प्रश्न मिटला. दहा दिवस भरपूर झाले.

सोमवार, १० जून
शुक्रवारी पांडा राहिला, कारण झोप उत्तम लागली आणि उठायला उशीर झाला. हॉलमध्येच झोपतो. तिथे वारा चांगला येतो.
दुकानात एका बाईंच्या चष्म्यात डावी लेन्स उजवीकडे बसली. मालक म्हणाले, अहो, चार दिवस घरी बसा. नको म्हटलं. हल्ली मालकांचंच कशात लक्ष नसतं.

बुधवार, १२ जून
मांजर. मिश्यांना समुद्री शेवाळाचा कागद लागतो. शेवटचा तुकडा उरलाय. नवीन पाकीट कुठे मिळतं ते हिला माहीत आहे.
मांजर परत.

शुक्रवार, १४ जून. सकाळी ७
सहा अंडी वाया गेली, सातव्यावर पांडा जमला. डोळे अगदी एका रेषेत. हा पाहून कोणीही खाईल.

संध्याकाळी ७
पांडा परत. टाकला नाही, फ्रिजमध्ये ठेवला. मेव्हणीला नमुना दाखवता येईल.

रविवार, १६ जून
मेव्हणी आली. नमुना दाखवला. पांडाकडे बघून म्हणाली, भाऊजी, हा तुमच्यासारखाच दिसतोय, जागरण झाल्यासारखा. मग मुलीला सरळ विचारलं, अंडं का खात नाहीस गं?
मुलगी म्हणाली, मला अंडं आवडतच नाही. आईला माहीत होतं. आई फक्त चेहरा करून द्यायची. ते शाळेत फिरून यायचं. साडेचारला आई ते खायला बसायची आणि त्याला विचारायची, काय रे, आज काय काय केलंस? त्याच्या वतीने मी सांगायचे.
साडेचारला मी दुकानात असतो.
बाबा तर फेकून देतात, असंही म्हणाली. तक्रार नव्हती. माहिती दिली.
मेव्हणी मुलीची बॅग काढायला उठली. मी टेबलाशी बसलो आणि पांडा खायला घेतला. मुलगी समोर येऊन बसली. आधी विचारायचं असतं, म्हणाली. विचारलं, काय रे, शुक्रवारी काय काय केलंस? त्याच्या वतीने ती वीस मिनिटं बोलत होती. गणिताच्या तासाला डब्यात घुसमटलो, बाकावरून पडलो, एका मुलीने मला घुबड म्हटलं.
मेव्हणी सहाला एकटीच गेली. महिन्याभराने बघू म्हणाली.
मालकांना फोन केला. उद्यापासून चारला निघणार.
अंडं अळणी होतं. दोन आठवडे मीठच घातलं नव्हतं.