दुसरी घागर

प्रिय अक्का,

पत्र बघून घाबरू नको, आई आहे. जेवतेसुद्धा. हे आधीच लिहून टाकतो, कारण मी एक सांगायला निघतो आणि तिसऱ्याच गावाला पोचतो, तुला माहीत आहे. फोनवर हे जमलं नसतं. तू मध्येच रडली असतीस, आणि मी नेहमीसारखं काहीतरी गोड खोटं बोलून फोन ठेवला असता. हितेंद्र तुमच्या यावलच्या गाडीवर कंडक्टर आहे, त्याच्या हाती देतोय. त्याला चहा पाज, मी केळीच्या ट्रकवर होतो तेव्हाचा तो माझा दोस्त.

आई अजून एक पाऊलही चाललेली नाही. लकवा झाल्यावर तिला धुळ्याच्या या केंद्रात आणून पाच महिने होत आले. पाय चालवून घेणाऱ्या मोहिनी मॅडम म्हणतात, पायात ताकद आलीय, गादीवर पडल्या पडल्या उचलते, पण दोन दांड्यांच्या मध्ये उभी केली की गुडघा सोडून देते. पावसाळ्यापर्यंत उभी राहिली नाही तर पाय आखडेल, मग जन्माची खाट. आणि आपलं ठरलेलं, की ती चालायला लागली की घरी न्यायची आणि मगच प्रेमराजदादाचं सांगायचं. तोवर दादा सुरतला, कारखान्यात, सुट्टी नाही. जानेवारीपासून मी रोज हेच सांगतोय. दादाला मी सुरतेत सुपरवायझरसुद्धा करून टाकलाय. जिवंतपणी त्याला कुणी केलं नव्हतं.

तू विचारायचीस ना, तिथे दिवसभर करतात काय? सकाळी सगळ्यांना हॉलमध्ये आणायचं, हे माझं काम. मग चेंडू फेकणं, मग तांदळातून मूग वेचणं, बोटं सुटावीत म्हणून. दुपारी पत्ते. निंबा नाना एसटीचे ड्रायव्हर होते, उजवा हात गेलाय, डाव्या हातानं असे पिसतात की बघत राहावं. चिंचोके लावून खेळतात आणि रडीचा डाव खेळतात. परवा मलाच म्हणाले, “ललित, तू शाळामा टिकना नही, नोकरीवर टिकना नही, आठे कसा टिकना रे?” मी म्हटलं, नाना, इथे तुमचे चिंचोके चोरायचेत. बेबाबाईंची सगळी वाचा गेली, फक्त ‘चल फूट’ तेवढं राहिलं. पाणी पाहिजे तरी चल फूट, देवाला हात जोडले तरी चल फूट. लोक हसतात, त्याही हसतात. मग एखाद्या सकाळी कुणाची तरी गादी गुंडाळलेली दिसते आणि त्या दिवशी मूग कुणी वेचत नाही. मी दोनदा पिशवी भरली होती पळून जायला. नानांना थट्टेत टाळलं, पण खरं म्हणजे आईमुळे टिकलो.

तर आखाजी. मोहिनी मॅडम अक्षय्य तृतीया म्हणतात, पण इथली माणसं महिनाभर आधीपासून आखाजी आखाजी करत होती. लेकी येतील, झोका बांधा, खापरावरच्या पोळ्या करा. मोहिनी मॅडमनी त्यातूनही व्यायाम काढला. कुंभाराकडून लहान घागरी आणल्या आणि म्हणाल्या, ज्यानं त्यानं आपल्या पितरांची घागर आपल्या हातानं रंगवायची. पंधरा दिवस हॉलमध्ये गेरू आणि चुन्याचा चिखल. नानांनी आपल्या घागरीवर बस काढली, नंबरासकट. आईनं एक रंगवली आणि म्हणाली, अजून एक दे. मला वाटलं आजीसाठी असेल. तुला फोनवर मी आनंदानं सांगितलंही, की आई रमली, दोन दोन घागरी रंगवतेय. मूर्ख मी.

आखाजीच्या दिवशी सगळ्यांना ओळीनं बसवलं. पोळी, आमरस, कुरडया. घागरीत पाणी भरायचं, वर आंबा ठेवायचा आणि ज्याच्यासाठी भरली त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, म्हणजे बोलण्याचाही व्यायाम. तांब्या मी धरला होता. बेबाबाईंनी त्यांच्या मालकांना चल फूट म्हटलं, सगळे हसले, मीही हसलो. हसत हसतच आईपुढे वाकलो. तिनं पहिल्या घागरीवर हात ठेवून तुझ्यामाझ्या बाबांचं नाव घेतलं, चुडामण. तोंड अजून वाकडं आहे, पण नाव स्पष्ट आलं. मग दुसरीवर हात ठेवला आणि म्हणाली, प्रेमराज. तितकंच स्पष्ट. मी तांब्या धरून तसाच. तीच म्हणाली, “पाणी टाक ना रे.” मी टाकलं, अक्का. सगळी घागर भरली, वरून वाहिली, तरी टाकतच होतो.

संध्याकाळी तिला झाडाखाली नेऊन बसवली आणि विचारलं, कधीपासून माहीत आहे? तेव्हा कळलं. दादाच्या दहाव्याला मी मुंडण केलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडे आलो. कानटोपी घाल म्हणून तूच सांगितलं होतंस, थंडी आहेच, तिला संशय येणार नाही. मी टोपी घालून तिला खिचडी भरवली. तिनं चांगल्या हातानं माझ्या मानेवरून, टोपीच्या काठाखालून हात फिरवला होता, हे मला आत्ता आठवतंय. बाबा तर कधीच गेलेले. मग या पोरानं डोकं कुणासाठी केलं? तेवढं पुरलं तिला. त्यानंतर तिनं दादाला फोन लाव म्हणून एकदाही सांगितलं नाही, आणि आपण दोघं, बरं झालं, बरं झालं, म्हणत राहिलो.

आणि पाय. मार्चमध्ये तू आलीस तेव्हा दाराबाहेर मॅडमना म्हणालीस, आई उभी राहिली की आम्ही तिला सांगणार आहोत. दार उघडं होतं. “मी हुभी ऱ्हायनू का तुम्ही सांगशात,” आई मला म्हणाली. “मंग?” आपण उभंच राहायचं नाही, म्हणजे कुणी सांगणार नाही, आणि कुणी सांगत नाही तोवर दादा सुरतला. तेव्हापासून तिनं स्वतःचा पाय असा धरून ठेवला. ती रडलेली नाही, अक्का. एकदाही नाही. मी समोर असतो आणि मी खोटं बोलत असतो, कशी रडेल? मलाच रडू आलं, तर तिनं माझंच डोकं चोळलं, केस वाढले म्हणाली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सोमवारी तू पुनमवहिनीला घेऊन येणार आहेस. इतके दिवस तिला आणलं नाही, कारण तिचं कपाळ बघून आईला कळलं असतं. आता आई सारखी वहिनीची वाट बघते म्हणून तू तिला कुंकू लावून, तुझं मंगळसूत्र घालून आणायचं ठरवलंस. वहिनी तयारही झाली, असं तू रविवारी म्हणालीस, आणि मी म्हणालो, चालेल. नाही चालणार. त्या पोरीला पुन्हा एकदा ते घालायचं आणि गाडीत बसल्यावर पुन्हा काढायचं? आईला मी यातलं काही बोललो नाही. पण काल तिला चादर देत होतो तेव्हा आपणहून म्हणाली, “पुनमले जशी शे तशी लई ये. ती उनी का मी उठसू.” तशीच आण, अक्का. मोकळ्या कपाळाची. ती आली की उठणार म्हणतेय, आम्ही दांड्यांपाशी थांबतो.

तुझाच, या वेळी पळून न गेलेला,
ललित