रक्त न येणाऱ्या हिरड्या

३ जून, मंगळवार
भैरवीनं शेवटी दवाखान्यात ते एआय आणलंच! एक्स-रे घातला की दातांवर लाल-हिरव्या रेघा ओढतं. "हिरडीखालचं हाड किती झिजलंय ते मोजतं, आई." मोजू दे. बत्तीस वर्षं मी हिरड्या तपासतेय, मला रंगीत चित्रं लागत नाहीत. लेक दातांची डॉक्टर झाली, आता आईची मास्तरीण व्हायला निघालीय.

५ जून, गुरुवार
बिद्रीच्या झुंबरबाई आल्या. दात मिश्रीनं काळेकुट्ट. विचारलं, अजून लावता? "न्हाय ओ बाई, सोडली की कवाच." धडधडीत खोटं — तोंडाला वास येत होता. या बायकांची मला चीड येते. तंबाखू भाजून दाताला फासायची आणि वर साळसूदपणा.

यंत्रानं सहा दात लाल केले. मी सळई घालून हिरड्या तपासल्या — रक्ताचा थेंब नाही. रक्त नाही तर रोग कसला? भैरवी म्हणाली, "तंबाखूनं रक्त दबतं, आई. रोग आतून हाड पोखरत असतो." हे मला शिकवते! दात साफ केले, हिरड्या चांगल्या आहेत म्हणून सांगितलं, पाठवून दिलं.

६ जून
त्या एआयच्या डब्याला मिश्री म्हणजे काय ते ठाऊक नाही. कोल्हापुरात काय दिवे लावणार!

१९ ऑगस्ट, मंगळवार
झुंबरबाई परत आल्या. रुमालाच्या गाठीत खालचा दात. भाकरी खाताना हातात आला म्हणे. शेजारचे दोन हलतायत. त्या सहांतलेच. "तुमी तर म्हनलासा, हिरड्या चांगल्या हायत." आवाजात राग नव्हता, नुसतं विचारत होत्या.

मी उलट त्यांच्यावरच ओरडले — मिश्री सोडायला काय धाड भरली होती? "चुकलं बाई," म्हणाल्या. मी ते त्यांना म्हणू दिलं. भैरवी खाली बघून हातमोजे काढत होती. मला लाज वाटली.

२० ऑगस्ट
दुपारी भैरवी जेवायला गेल्यावर माझाच एक्स-रे काढला. न्हाणीघरात फडताळामागं माझी मिश्रीची डबी आहे, लग्नाआधीपासूनची. दात घासूनपुसून पांढरे ठेवते, घरात कुणाला पत्ता नाही. हिरड्यांतून कधी रक्त आलं नाही.

आठ दात लाल.