त्या बायका कुणाकडे बघत होत्या

प्रिय प्रीती,

काल दुपारी तू भिंतीवर प्रदर्शनाची 'प्रतीक्षा' ही पाटी चिकटवलीस, मागे सरून "जमलं की" म्हणालीस, तेव्हापासून माझं डोकं फिरलंय ते अजून जाग्यावर नाही. त्या क्षणापर्यंत मी तुझ्या बाजूचा होतो. पाटी वाचली आणि मी आमच्या गावाच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

आत्ता तू उद्घाटनाच्या पाहुण्यांना आणायला मिरज स्टेशनला गेली आहेस आणि मी नदीकाठच्या या हॉलमध्ये तुझ्या फोटोंसमोर खुर्ची टाकून बसलोय. जाताना म्हणालीस, फोटो सावकाश बघ, आल्यावर स्पष्ट सांग, गोड बोलू नकोस, मला सुधारायचंय. पण तोंडाने सांगायला गेलो की माझा आवाज चढतो. दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या सरांसमोर असाच चढला होता. ॲप्रन टेबलावर टाकून बाहेर पडलो तो कॉलेजात परत गेलो नाही, हे तू डोळ्यांनी बघितलंयस. तुझ्या बाबतीत तसं व्हायला नको म्हणून लिहितोय. उद्या सकाळी आमच्या फौजींच्या गावच्या बायका साताऱ्याहून जीप करून स्वतःचे फोटो बघायला येणार. त्याआधी भिंतीवरचे शब्द बदल. सगळ्या पत्राचं मागणं एवढंच आहे.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. उजेड तुला कळतो. दारातून आलेलं ऊन हरणाआजीच्या गालावर तू असं थांबवलंस की एकेक सुरकुती नांगरटीसारखी उभी राहिली. दुसऱ्या कुणी फोटोवाल्याने त्या पुसून आजीला गोरीपान करून टाकली असती. चुलीच्या धुराने काळी पडलेली भिंत तू मागे घेतलीस, स्टुडिओतला पडदा नाही आणलास. या गोष्टींत मी तुझ्या पायाशी बसून शिकेन.

आता बाकीचं. तू सगळ्यांना छातीपाशी कापलंस. हात गेले, प्रीती, आणि हातांबरोबर माणूस गेलं. क्रांतीवहिनीच्या हातात मोबाइल होता. शंभूदादा तिकडं सीमेवर असला तरी रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर दोघं भांडतात, मोटर कुणी जाळली, उसाला पाण्याची पाळी कुणी चुकवली. त्या दिवशीही पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून तिने त्याला तीन साड्या दाखवल्या आणि त्याने पोपटी म्हटल्यावर पोपटी नेसली. तू फोटो काळा-पांढरा केलास. मोबाइल कापलास. खाली लिहिलंस, 'ओस पडलेल्या घरात'. वहिनीच्या आवाजाने आमच्या घराची कौलं उडायची बाकी आहेत, ते ओस कधी पडलं?

हरणाआजीखाली 'सीमेकडे लागलेले डोळे'. अगं, आजीचे सुभेदार पेन्शन घेऊन कधीचे घरी आलेत. तू फोटो काढत होतीस तेव्हा नाथाजीआबा चौकटीबाहेर हातभर अंतरावर शेळी धरून बसले होते आणि "ताठ बस की, परेड हाय" म्हणून बायकोला टोचत होते. ज्याची ती वाट बघतेय असं तू लिहिलंस, तो माणूस तिथंच शेळीच्या दाव्याला लटकलेला होता. मला वाचताना हसू आलं असतं, पण पुढचीच फ्रेम राहीकाकीची होती.

राहीकाकी कुणाची वाट बघणार, प्रीती?

तिचा माणूस तिरंग्यात गुंडाळून आला, त्या दिवशी मी अंगणात होतो. कॅमेरेवाले आले होते. त्यातल्या एकाने तिला सांगितलं, ताई, पदर पुन्हा एकदा डोळ्याला लावा, मघाचं नीट आलं नाही. तिने लावला. त्यानंतर त्या घरात कॅमेरा शिरला नाही, सरकारी कार्यक्रमालासुद्धा नाही. तुला दार उघडलं ते माझ्या शब्दावर. मी म्हटलं, काकी, ही तुला रडकी करणार नाही. ती म्हणाली, "तू म्हंतोस तर येऊ दे." आणि तिच्या खाली तू छापलंस, 'तो येईल'. ती अंगणवाडीत शिकवते. तिला वाचता येतं. उद्या बाकीच्या बायका फोटो बघतील, ती खालचे शब्द वाचेल आणि मग माझ्याकडे बघेल. ते माझ्याने सोसायचं नाही.

काय कर ते सांगतो, नुसती चूक दाखवून निघून जाणाऱ्यातला मी नाही. तुझ्याकडे मूळ फोटो आहेत, त्यात हात आहेत, ते परत घे. वहिनीची पोपटी साडी तिला दे. आबांचा नुसता गुडघा आणि शेळीचं तोंड दिसलं तरी चालेल, पण राहू दे. खाली बाईचं नाव आणि ती त्या वेळी काय करत होती एवढंच लिही. राहीकाकीखाली फक्त नाव. फोटोत खोटं काहीच नाही, खोटं सगळं तू खाली लिहिलंयस.

तू म्हणशील, मग त्यांच्या डोळ्यांत सगळीकडे सारखंच हे काय आहे? फोटो पाठवलेस तेव्हा पाहुणेही फोनवर तेच म्हणाले ना, प्रत्येक डोळ्यात ओढ आहे, कालवाकालव आहे. आहे. मीही नाही म्हणत नाही. ते काय आहे हे मी सांगितल्याशिवाय तू ते शब्द काढणार नाहीस, हेही मला कळतंय, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसलो. तू प्रत्येकीला काय सांगायचीस ते आठव. कॅमेऱ्यात बघू नका, शिवतेजकडे बघा. मी दाराशी थर्माकोल धरून उभा असायचो, उजेड परतवायला. त्या माझ्याकडे बघायच्या. मी तुझ्याकडे बघत असायचो. पहिल्याच दिवशी वहिनीने विचारलं, "भावजी, थर्माकोल उलटा का धरलाय? ताप हाय काय?" हरणाआजी तर तू कॅमेऱ्याचं कार्ड बदलत असताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "ती पोरगी त्या डब्यात बघती, तू तिच्याकडं बघतोस, आन् आमी तुज्याकडं. कवातरी तोंड उघड की लेकरा." राहिली राहीकाकी. तिने नुसतं बघितलं, आणि तोच फोटो तुझा सगळ्यात चांगला आलाय. भिंतीवर जी कालवाकालव आहे ती माझ्यासाठी आहे गं. माझी कीव येत होती त्यांना. सगळ्या गावाला कळलं. तू डोळा कॅमेऱ्याला लावून होतीस.

उत्तर मागत नाही. तुझ्या वडिलांची हळदीची पेढी, आमचं गाव, माझं अर्धवट कॉलेज, हे सगळं मला दिसतं. उद्या बायकांना घेऊन मी येणार आहे, तेव्हा तू मला फक्त भिंत दाखव, बाकी काही बोलू नकोस. राहीकाकीखालची पट्टी तेवढी मी नखाने खरवडून काढलीय. राग आला तर ये, पण ती परत लावू नकोस. इतरांच्या तू काढ, तुझ्या हाताने. खाली तुझी गाडी थांबल्यासारखी वाटते, पाहुण्यांचा आवाजही येतोय. कागद तुझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेवर ठेवतो. मागच्या जिन्याने उतरतोय, आणि दार बाहेरून ओढून घेतोय.

तुझाच, तुला ठाऊक नसतानाही,
शिवतेज