दोरा बांधलेला पेला

बाबा, आज कर्जतला तपासणीसाठी रक्त देऊन आले. तुमचंच नाक माझ्याकडे आलंय. सकाळी कपाळ जड, देवापुढं वाकून डोकं टेकलं की डोळ्यांखाली ठणका. दवाखान्यात खिडकीपाशी बारीक काचेची नळी उभी करून ठेवली होती. तिच्याकडे बघता बघता मी लोधिवलीची सून राहिले नाही, कशेळ्याची तुमची मुलगी झाले.

माझा मॅट्रिकचा निकाल नुकताच लागलाय. तुम्ही भातगिरणीतून येता, भुवयांवर कोंड्याची धूळ, नाक कायम चोंदलेलं. संध्याकाळी अंगात कणकण. डॉक्टर म्हणाले, रक्त तपासू. नळीत तुमचं रक्त उभं आहे. तांबडं हळूहळू खाली बसतंय, वर पिवळसर पाणी निवळतंय, भात कापलेल्या शेतावरच्या उन्हासारखं. कंपाउंडर म्हणाला, तासाभरानं या. पण देवापुढच्या दिव्याला एकटं सोडू नये, तशी आई तिथंच बसून राहिली, ओठांत नाम.

"अगं चल, चा पिऊ," तुम्ही म्हणालात. "माझं रगत हाय, पळून नाय जायाचं."

"तुमी गप ऱ्हावा," आई म्हणाली.

तासाभरानं डॉक्टरांनी नळी उजेडाकडे धरली. तांबडं जरा जास्तच खाली बसलं होतं. "आत कुठंतरी सूज आहे," ते म्हणाले. "कुठं, ते रक्त सांगत नाही. छातीचा फोटो काढून आणा."

एवढं पुरलं. क्षय हा शब्द एसटीत कुणी उच्चारला नाही. लोधिवलीची माणसं मला बघून गेली होती, होकार यायचा होता. त्याच संध्याकाळी आईनं तुमच्या पितळी पेल्याला तांबडा दोरा बांधला, कुणी चुकून उचलू नये म्हणून, आणि तो वेगळ्या कोनाड्यात ठेवला. तुम्ही पेला फिरवून पाहिलात. "याचं लगीन ठरलं वाटतं गं आधी," मला म्हणालात, नि पाणी प्यायलात. हसलं कुणीच नाही. ठेवताना मात्र तुम्ही दोऱ्याची गाठ भिंतीकडे केलीत. रोज तशीच करायचात.

फोटो यायला वेळ लागला. डॉक्टरांनी तो पाहिला, मग अंगठ्यानं तुमच्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर दाबलं. तुम्ही कळवळलात. "छाती स्वच्छ आहे. नाकाशेजारच्या पोकळ्यांत जुना पू साठलाय. रक्त खरं तेच बोललं, आपण भलतीकडे शोधत होतो." घरी येताच आईनं तो दोरा दातांनी तोडला आणि चुलीपाशी बसून रडली. पुढं होकारही आला.

आज घरी आल्यावर चहा अर्धा राहिला, तर कप मी आपला बाजूला सरकवला, उगाच. लेकीनं तो उचलून उरलेला चहा पिऊन टाकला. "थंड झाला होता गं आई," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून हे लिहितेय, कॅलेंडरच्या जुन्या पानामागं. तुम्ही गेल्यावर हे पत्र जायचं कुठंच नाही, मग कोरा कागद कशाला? पोथीत ठेवीन. एवढंच तुम्हांला सांगायचं राहिलं होतं. त्या दिवसांत तुम्ही गिरणीत गेलात की मी तो पेला हळूच काढायचे, माठातलं पाणी घ्यायचे, आणि दोरा ओठाला लागेल असा धरून प्यायचे. मग पुसून, गाठ भिंतीकडे करून ठेवायचे.