काळ्या पुठ्ठ्यावरची हुसेनबी

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
जिल्हा प्रसारण समन्वय कक्ष, कोल्हापूर.

विषय : बेपत्ता पत्नीची हाताने रंगवलेली पाटी टीव्हीवर दिसण्याची सोय होणेबाबत.
संदर्भ : पोलीस ठाण्यातील बेपत्ता नोंद, दि. ११ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

ज्या राष्ट्राची अक्षरे ताठ उभी राहतात, ते राष्ट्रही ताठ उभे राहते. हे सत्य मला दूरचित्रवाणी केंद्राच्या कॅप्शन विभागात, एक पाय आखूड असलेल्या स्टुलावर चौदा वर्षे बसून उमगले.

१. त्या काळी पडद्यावरची नावे संगणक लिहीत नसे. मी काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने लिहीत असे. पुठ्ठा स्टँडवर ठेवून त्याच्यासमोर कॅमेरा उभा करत. उरलेले काम घरी येई. पत्नी हुसेनबी पुठ्ठा लांब धरून बघे आणि "ह्यो 'क' जेवून बसल्यागत दिसतोय की" असा शेरा मारी. शेरा बरोबर असे.

२. सदर हुसेनबी, वय ७२, ही ११ फेब्रुवारीस सकाळी दूध आणायला म्हणून घरातून बाहेर पडली, ती परत आलेली नाही. हातकणंगले स्टेशनवर दिसल्याचे एकाने सांगितले. तिथे चार दिवस बसून आलो.

३. शहरातील एका केबल वाहिनीने पडद्याखालच्या धावत्या पट्टीत ही बातमी दिली, त्याबद्दल आभार. आमच्या विभागाचा नियम असा होता की, सावकाश दोनदा वाचून झाल्याशिवाय मजकूर हलवायचा नाही. या पट्टीत पत्नी अडीच सेकंदांत निघून गेली. माझ्या फोन नंबराला चिकटूनच युवा नेते पृथ्वीराज यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. मला सात फोन आले. सातही वाढदिवसाच्या शुभेच्छांचे.

४. म्हणून पाटी रंगवून स्वतः वाहिनीत गेलो. तेथील ऑपरेटर आदर्श म्हणाले, "चाचा, ह्यो पुठ्ठा मशीनमधी घालू कुठनं? टाईप करून देतो की. अक्षर कुणाचं का असंना, बाई तीच न्हवं?"

५. घोटाळा इथेच आहे. दोन वर्षांपासून पत्नी मला ओळखत नाही. रोज सकाळी "पावणं, च्या घेणार काय?" असे विचारायची. स्वतःचे नावही तिला सांगता येत नाही. परंतु माझे अक्षर दिसले की थांबते आणि खोड काढते. ती कुणाच्या घरी बसलेली असेल आणि समोर टीव्ही चालू असेल, तर टाईपच्या नावाकडे ती बघणार नाही. माझ्या अक्षराला मात्र नक्की बोलेल. तेवढ्यावरून त्या घरच्यांना कळेल. म्हणून पाटीवरचा 'क' पुसून आज मुद्दाम वाकडा काढला आहे. चौदा वर्षांत असे कधी केले नव्हते.

६. दर सोमवारी आपण पत्रकारांशी बोलता, तेव्हा कॅमेरा अर्धा तास हलत नाही आणि आपल्या मागची भिंत रिकामी असते. तिथे एक खिळा मारण्याची परवानगी मिळावी. खिळा मी आणीन. आपण फक्त खुर्ची वीतभर उजवीकडे घ्यावी, ही विनंती.

आपला नम्र, हातोडीसह हजर,
कुतुबुद्दीन शिकलगार
निवृत्त कॅप्शन चित्रकार,
शिवाजी पेठ, कोल्हापूर.
दि. ६ मार्च २०२५

सोबत : पोलीस नोंदीची प्रत, पत्नीचा फोटो, पाटी (रंग ओला आहे, कृपया कडेला धरावी).