वाटी रिकामीच होती

त्या सकाळी मी अंगणात सडा टाकला, नळावरून दोन घागरी पाणी आणलं, तुरीची डाळ शिजत टाकली आणि घरातलं सगळं पितळ मोरीशी काढून बसले. सन १९७० ची खंडेनवमी होती. अवजारांच्या पूजेआधी घरातला प्रत्येक पितळी जिन्नस लखलखला पाहिजे, ही माझ्या माहेरची शिस्त. चिंच भिजवलेली होती, राख चाळलेली होती. समई, पंचपात्र, तांब्या असं एकेक घासत गेले. ओट्याच्या कडेला एक पितळी वाटी होती, तिच्यात काळपट रॉकेल होतं. ते मी मोरीत ओतलं आणि वाटी घासून पालथी घातली.

मृत्युपत्र इथून सुरू करत नाहीत, हे मला माहीत आहे. शेजारचे मनोहरराव कोर्टात कारकून होते, त्यांनी मला नमुना लिहून दिला आहे. पण माझ्या मागे जे वाटायचं आहे ते सगळं त्या वाटीपाशी येऊन अडतं. आता रीतीप्रमाणे लिहिते.

मी, भागीरथाबाई, कै. गिरिधर येरपुडे यांची विधवा, वय वर्षे बासष्ट, राहणार प्रताप नगर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. नवऱ्याचं नाव मी जन्मभर तोंडानं घेतलं नाही. कागदाला लागतं म्हणून इथं आणि सहीला लिहिते, एरवी ‘हे’ एवढंच लिहीन. दम्यानं छाती भरते, पण डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी जोर केलेला नाही. मी शाळेत गेलेली नाही. हे दुरुस्तीला घेतलेल्या गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरत; त्यांवरच्या तेलाच्या डागांमधली अक्षरं जुळवत मी वाचायला शिकले. लिहिण्यात चुका असतील, त्या माझ्या. अर्थ मात्र मला पाहिजे तोच आहे.

कलम १. राहतं घर माझा मुलगा मुकुंद आणि मुलगी शामला या दोघांना सारखं मिळावं. मुलगी लग्न होऊन कन्हानला गेली, आता तिचा काय हक्क, असं कोणी म्हणू नये. हे गेल्यावर छपराची कवेलू फेरायची, म्हणजे कौलं काढून परत रचायची वेळ आली तेव्हा शिडी शामलानं धरली होती. मुकुंदचं नुसतं पत्र आलं होतं.

कलम २. पोस्टातल्या बचतीतून माझं क्रियाकर्म साधेपणानं करावं. तेरवीला गाव जेवू घालू नये. उरेल ते शामलाचं.

कलम ३. भांडी. स्टीलची सुनेला. पितळेची शामलाला. माझी जाऊ रुखमाबाई हिनं माझ्या लग्नातली पितळी घागर नेली ती परत केली नाही, यावरून मी तिच्याशी नऊ वर्षं नीट बोलले नाही. ती घागर तिच्याकडेच राहू द्यावी. पितळेच्या वस्तूवरून दुसऱ्याला नावं ठेवायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही.

कलम ४. गाडी.

ती शामलाच्या कमरेपर्यंतही पोचत नाही. लढाईच्या काळात छत्रीनं उतरणाऱ्या शिपायांसोबत विमानातून टाकायची घडीची फटफटी आहे, असं हे सांगत. हँडल दुमडतं, सीट खाली बसते. कन्हानच्या एका भंगारवाल्याकडे यांना ती सापडली, गंजून लाल झालेली. हे पंपाच्या कारखान्यात फिटर होते. पोत्यात बांधून सायकलवरून आणली, तेव्हा मुकुंद म्हणाला, “बाबा, शेळी आणली का?” तेच नाव पडलं.

सहा वर्षं यांचे रविवार त्या शेळीपाशी गेले. टायर हातगाडीचे बसवले. यांचे पाय लांब, म्हणून सायकलच्या नळ्या जोडून हँडल उंच केलं. दिवा सायकलचा, सायलेन्सर दुधाच्या भुकटीच्या डब्याचा. रंग वांग्याचा, तो मी निवडला. सीटही मीच शिवली, आत जुन्या गोधडीचे थर आणि वर रेक्झिन. मागून मात्र मी कुरकुरायला लागले. माणूस रविवारी बाजारात येत नाही, पाहुण्यात येत नाही. खंडेनवमीच्या आठ दिवस आधी मी भांडले. “एक दिवस तुमची शेळी भंगारवाल्याले देऊन टाकीन, पाहा,” असं म्हणाले. हे वाक्य पुढे लागणार आहे म्हणून लिहून ठेवते.

यांच्या मदतीला नत्थूजी असत. नत्थूजी गभणे, आमच्याच गल्लीत राहणारे, घरोघरी भांड्यांना कल्हई लावणारे. यांचे लहानपणापासूनचे मित्र. शेळीची पेट्रोलची टाकी बारीक भोकांनी गळत होती. तिला आतून कल्हई करायची, ही युक्ती नत्थूजींची. त्या सकाळी ते अंगणात भाता घेऊन बसले होते.

हे म्हणाले, “जेवणाच्या भांड्याची कल्हई गाडीले चालते का गा?”

“गाडीबी जेवतेच नं,” नत्थूजी म्हणाले. “फक्त पेट्रोल जेवते, आणि तुयासारखी मीठ कमी म्हणून बोंबलत नाही.”

त्यांनी टाकीत नवसागर टाकला, कथील वितळवून आत फिरवलं. टाकी पाण्यानं भरून पाहिली, थेंब गळला नाही. हे इतके खूश झाले की मला चहा ठेव म्हणायलाही विसरले, स्वतःच ठेवायला निघाले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढायची होती. राहिलं होतं फक्त इंजिनाला पेट्रोल मोजून सोडणारं यंत्र जोडायचं. त्यातला जेट, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा पितळेचा तुकडा, मधोमध सुईएवढं भोक, यांनी आदल्या दिवशी रॉकेलमध्ये भिजत घातला होता. वाटीत.

“नत्थू, वाटीतला जेट कुठी ठेवला गा?”

“मी तं हात नाही लावला.”

हे मोरीशी आले. “अवं, वाटी तू घासली का? काही होतं का तिच्यात?”

“रिकामीच होती,” मी म्हणाले.

खरं सांगायचं तर रॉकेल ओतताना मोरीच्या जाळीवर बारीक आवाज झालेला मी ऐकला होता. यांनी विचारलं त्या क्षणी तो मला आठवला. आणि आठ दिवसांपूर्वीचं माझंच बोलणं आठवलं. मी मुद्दाम केलं असं यांना वाटेल, या भीतीनं तोंडातून ते शब्द गेले. हे कारण आहे. माफी मागायला ते पुरत नाही, हे मला कळतं.

“मंग उडून गेला का?” हे नत्थूजींवर आवाज चढवून म्हणाले. “इथी आपण तिघंच तं आहो. पितळ दिसलं का तुया हात राहत नाही, असंच नं?”

“दमानं बोल गा. घरोघरची भांडी राहतात माझ्यापाशी. आजवर एक पळी कमी नाही भरली.” मग ते माझ्याकडे वळले. “वहिनी, तुम्ही तं इथीच होत्या. सांगा नं याले.”

मी परात घासत राहिले. ती केव्हाचीच स्वच्छ झाली होती.

कुंपणापलीकडे कांताबाई कपडे वाळू घालत होती. तिनं सगळं ऐकलं. नत्थूजींनी भाता गुंडाळला, कथलाची कांडी उचलली आणि गेले. दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन ते फाटकाशी आले. हे उठले नाहीत. मी दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मोरीच्या पाण्याचा खड्डा उपसताना गाळात जेट सापडला. तेव्हाही बोलता आलं असतं. मी तो धुतला आणि माझ्या कुंकवाच्या करंड्यात ठेवला. त्या दिवसापर्यंत मी चुकले होते, त्या दिवसापासून मी लबाड झाले.

यांनी दुसऱ्या गाडीचा जेट कानशीनं घासून बसवला. शेळी चार हात चालायची, धूर सोडायची आणि बंद पडायची. हे रोज सकाळी तिच्यापाशी बसून डोकं खाजवत, आणि मी त्याच वेळी करंड्यातून कुंकू घेऊन लावत असे. बोट त्या तुकड्याला लागायचं.

गल्लीत बोललं गेलं की नत्थू भांड्यांतलं पितळ काढून घेतो. बायांनी त्यांना भांडी देणं बंद केलं. मीही दुसऱ्या कल्हईवाल्याकडे दिली, कारण न देते तर संशय आला असता. दोन वर्षांत नत्थूजी घर आवरून सावनेरला बायकोच्या माहेरी गेले. जाताना पंचफुला, त्यांची बायको, माझ्याकडून विरजण नेलेली भांडी परत करायला आली. सगळी घासून, मोजून. “पाहून घ्या वं बाई, कमी नाही ना,” एवढंच म्हणाली.

हे सन १९७९ मध्ये गेले. शेवटच्या आठवड्यात म्हणाले, “नत्थूनं तसं कराले नको होतं. मागतला असता तं दुसरं काही बी दिलं असतं.” मी त्यांच्या छातीला तेल चोळत होते. तेव्हाही करंडा चार हातांवर कोनाड्यात होता.

हे गेल्यावर शेळीवरची चादर काढून पुसताना मला दिसलं, मागे सीटच्या खाली डाव्या बाजूला एक पाय ठेवायची पट्टी आहे. लुगड्यात एका बाजूला बसणाऱ्या बाईचे पाय टेकतील अशी. कडा घासून गोल केलेल्या, लुगडं फाटू नये म्हणून. मला कोणी सांगितलं नव्हतं.

तर ही गाडी, यांच्या सगळ्या हत्यारांसह आणि करंड्यातल्या जेटसह, माझ्या मृत्यूनंतर नत्थूजी गभणे यांना द्यावी, आणि हे कलम त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं.

इथवर लिहून मी मनोहररावांना सही करायला बोलावलं. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, पण त्यांनी वाचला. चष्मा काढून म्हणाले, “भागीरथाबाई, कायद्यानं सगळं बरोबर आहे. पण नत्थू तुमच्याहून मोठा. तो आधी गेला तर हे कोणाला वाचून दाखवायचं?”

कागद सहीविना राहिला. परवा मी एसटीनं सावनेरला गेले. नत्थूजी ओसरीत बसले होते, दिसतं कमी आता. मी करंडा त्यांच्या हातात दिला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी जेट बोटांत फिरवला, नखानं भोक चाचपलं. पंचफुला दारात उभी होती. तिनं मला बस म्हटलं नाही, ते बरोबरच होतं.

“त्याले माहीत होतं?”

“नाही.”

“म्हणजे तो मले चोर समजूनच गेला.” मग म्हणाले, “गाडी द्या, नका देऊ. ते मंग पाहू. त्या गल्लीतल्या बायांले सांगा वहिनी. तुम्ही मेल्यावर नाही. आता.”

मी हो म्हणाले. रात्री घरी आल्यावर गाडीचं कलम होतं तसंच ठेवलं, फक्त जेट त्यातून वगळावा, तो ज्याच्या हातात पाहिजे त्याच्या हातात पोचला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर घेऊन नळावर गेले, बाया जमेपर्यंत थांबले, आणि कांताबाईपासून सगळ्यांसमोर सांगितलं की वाटी रिकामी नव्हती.

लिहून देणार : भागीरथाबाई गिरिधर येरपुडे (सही)

आमच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली :
१. मनोहरराव डहाके, निवृत्त कारकून (सही)
२. कांताबाई भोयर, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम प्रताप नगर, नागपूर
१८ नोव्हेंबर १९८३